राणीचं डोकं

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही राजीनं दिली. म्हणली, "आज्जी, माझ्या चित्रांत तुला जे जे खटकतं ते यात लिहून ठेव. सांजंला मी एकदाच वाचते. दिवसभर मानेमागं उभी राहून बोलत जाऊ नको, माझा हात चुकायलाय."

तर लिहायलेय. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं हाय. लोकांच्या बाळंतिणी आणि लेकरं न्हाऊ घालायचं काम पन्नास वर्षं केलं, त्यांच्या तारखा लिहून लिहून हाताला वळण लागलं. राणीसावरगावातली निम्मी डोकी माझ्या तळहाताखालून गेलीत. सरपंचाचं बी. वरून गोल केलं, आतलं माझ्या हातात नव्हतं.

राजी म्हणजे राजेश्री, माझ्या लेकाची, परमेश्वरची पोरगी. नांदेडला दोन वर्षं कॉम्प्युटरवर माणसं घडवायचं आणि हलवायचं शिकली. आता हैदराबादच्या एका कंपनीची परीक्षा द्यायलीय. ते गेम बनवतात. तीन माणसं करून द्यायची हायत: एक राणी, एक चेंडू खेळणारा गडी, एक दळणारी म्हातारी. वीस तारखेच्या आत. माणसं आपल्याकडची न्हाईत. समुद्रापल्याड मेक्सिको म्हणून मुलूख हाय, तिकडची, हजार-बाराशे वर्षांमागची. पास झाली तर नोकरी. न्हाई झाली तर परमेश्वरनं आधीच सांगितलंय, कॉम्प्युटर पोत्यात आणि पोरगी परभणीला नर्सिंगला. याआधी दोन कंपन्यांनी न्हाई म्हणलंय. ही तिसरी आणि शेवटची.

आज काही खटकलं न्हाई. दिवसभर लाईटच नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज खटकलं. लय खटकलं.

राणीची कंबर एवढी बारीक की हिनं आतडी कुठं ठिवली ते इचारावं वाटतं. डोक्यावर हिरव्या पिसांचा पसारा, अख्खा मोर बसल्यावानी, आणि खाली मान तुराटीएवढी. एवढं वझं वागवणाऱ्या बाईची मान मुसळावानी पाहिजे. डोक्यावर वझं घेतलेली बाई या पोरीनं बघितली न्हाई व्हय? रोज दारावरून जातात.

गड्याचं तर इचारूच नका. राजी म्हणती, ते लोक रबराचा जड चेंडू हाताला न लावता कमरेनं आणि ढुंगणानं मारायचे. मग या गड्याचं ढुंगण कुठं हाय? पोटावर लादीपावावानी खाने पाडलेत आणि मागून सपाट. मारणार कशानं, पावानं?

म्हातारी गुडघे टेकून दगडी पाट्यावर मका वाटायलीय. पाटा चांगला जमलाय, आपल्यासारखाच, फक्त खाली तीन पाय. पण जिंदगी गुडघ्यावर गेली आणि गुडघे लोण्यावानी! काळे पाहिजेत, कातडी टणक पाहिजे, पायाची बोटं दुमडून दुमडून चपटी झालेली पाहिजेत. राजीला माझे गुडघे दाखवले. तिनं फोटो काढला. हे काय फोटो काढायचं हाय का, म्हणलं.

आणि म्हातारीचं तोंड. कुणाचं चांगलं बघवत न्हाई असं तोंड. भिवया एकात एक, खालचा ओठ पुढं, दुनियेत कुणालाच अक्कल न्हाई अशी बघायलीय. मी म्हणलं, "असली म्हातारी घरात असली तर त्या घरात कोण सुखानं घास खाईल? तोंड बदल."

माझी सून सविता पदर तोंडाला लावून चुलीकडं पळाली. परमेश्वर पेपरात तोंड घालून खांदे हलवायला. राजी म्हणली, "तोंड राहू दे आज्जी. सगळ्यात चांगलं तेच जमलंय."

यात हसण्यासारखं काय हाय ते कुणी सांगंना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

राजीनं वहीचं पान फोनात टिपून मैत्रिणीला धाडलं. ती मैत्रीण म्हणं लोटपोट हसली. मी कुणाला हसवायला लिहिलं न्हाई. आजपासून खटकलेलं क्यालेंडरच्या मागल्या बाजूला लिहून देणार, ही वही माझी. पेटीत ठेवायलेय, किल्ली कमरेला.

गड्याला मात्र ढुंगण आलंय. चांगलं भरलेलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

शेजारच्या दिनकररावांची सत्यशीला बाळंतपणाला माहेरी आलीय. पाच दिवसांचं लेकरू. आजपासून मी न्हाऊ घालायलेय. हल्ली बोलावणारे कमी झालेत, दवाखान्यातली सिस्टर सांगती टाळूला हात लावू नका, नाक ओढू नका. मी दाबत न्हाई. फिरवते. दाबणं आणि फिरवणं यातला फरक सिस्टरला कोण सांगणार.

परमेश्वरनं जेवताना इचारलं, "माय, पोरगी हैदराबादला गेली तर तुला करमंल का?"

मी म्हणलं, "मला काय झालंय न करमायला? तू दहावीला गंगाखेडला गेलास तवा मी रडले का?"

"न्हाई," म्हणला. "पण तवा तू दोन महिने घरातली सगळी भांडी रोज दोनदा घासायचीस."

काहीही बोलतो. भांडी घाण व्हती म्हणून घासायचे.

आज हात स्वस्थ बसंना. हरभरा निवडला, झाल्यावर परत निवडला. सविता म्हणली, "आत्याबाई, त्यात खडा एक बी न्हाई." हवा बदलायलीय, दुसरं काही न्हाई. थंडी जाताना असंच व्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज राणीचा पिसारा उतरवलेला बघितला. खेळणाऱ्याला पाहिजे तसं लेणं घालता-काढता येतं म्हणं, पिसारा काढ, दुसरा घाल, बाहुलीवानी. राजीनं पिसारा काढला आणि मी हातातली कपबशी खाली ठिवली. डोकं मागं लांबलेलं. दुधी भोपळ्यावानी.

"हे काय गं?"

"काय?"

"हे डोकं. राणी म्हणतीस आणि हिला न्हाऊ घालायला कुणी नव्हतं व्हय? असलं डोकं दिसलं की लोक आईचं नाव काढत न्हाईत, न्हाऊ घालणारीचं काढतात."

"अगं आज्जी, ते तसंच—"

"तसंच काय? मला शिकवतीस? तू जन्मलीस तवा तुला दवाखान्यात चिमट्यानं ओढून काढलं. डोकं पपईवानी. तुझी आई बसली रडत, की पोरीच्या जातीनं हे डोकं घेऊन कुठं जायचं. मी चाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, तळहात फिरवला. आता लाव हात डोक्याला. लाव की. कसंय?"

तिनं खरंच हात लावला. "गोल हाय."

"मग हिचं बी कर गोल."

"कंपनीच्या कागदात लिहिलंय बघ, आज्जी, की—"

"कागद लिहिणाऱ्यानं किती लेकरं न्हाऊ घातली?"

तिनं नखं खाल्ली. मग करायला लागली. दुपारपर्यंत नुसतं डोकं नारळावानी गोल झालं, तोंड-केस मागून बसवणार म्हणं. बघून जीव थंड झाला.

सांजंला परत जिवाची तगमग सुरू. अंगण दोनदा झाडलं. काय राहिलंय ते ध्यानात येईना.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तिन्ही माणसं राजीनं हैदराबादला धाडली. आठ दिवस शिल्लक असतानाच. दारात उभी राहून हात वर करून आळस दिला, म्हणली, "आज्जी, या वेळी व्हणार."

मी म्हणलं, "व्हईल की. तुझ्या हातात काय न्हाई असं थोडंच हाय."

सविता माझ्याकडं बघायला लागली. मी कुणाला चांगलं म्हणलं की हिला ताप आल्यावानी व्हतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हैदराबादच्या मॅडमचा व्हिडीओ कॉल आला. राजी खोलीत, मी उंबऱ्यात तूर पाखडत. मॅडम त्यांच्या हिंदीत बोलायल्या. ती बोली मला कळती, आपल्याकडं निजामाच्या काळापासून सगळ्यांनाच कळती.

"बुढ्ढी तो एक नंबर बनाए तुम. घुटने देखके पूरी टीम चुप हो गई. वो खिलाडी भी बराबर है, उसका वजन दिखरा."

मी सूप थांबवलं. गुडघे माझे. वजन बी मीच सांगितलेलं. मान ताठ केली.

मग मॅडम म्हणल्या, "मगर ये रानी का सर किसने गोल किया? कागज में साफ लिखे थे, लंबा. फोटो भी दिए थे. ये तो परभणी की कोई बाई दिखरी."

राजी लगेच म्हणली, "मैंने ही किया, मॅडम. मेरी गलती है."

एक सेकंद बी थांबली न्हाई. माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

मॅडमनी सांगितलं, वीस तारीख म्हणजे वीस तारीख. राणी परत करून दिली तर बघू, न्हाई तर दुसरी पोरगी रांगेत हाय.

नंतर राजीनं मला सांगितलं. तिकडच्या लोकांत लेकरू जन्मलं की चार-पाच दिवसांत त्याच्या कपाळावर एक फळी आणि मागं एक फळी लावून बांधायचे. मुद्दाम. डोकं लांब व्हावं म्हणून. लांब डोकं म्हणजे रूप. मका त्यांचा देव, डोकं कणसावानी दिसावं म्हणून करायचे असं काही जण म्हणतात. हे सगळं कागदात लिहिलेलं व्हतं.

"मग त्या दिवशी सांगितलं का न्हाई?"

"सांगायले व्हते की आज्जी."

आवाज बी चढवला न्हाई. चढवला असता तर बरं झालं असतं. मशीन बंद केली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. म्हणती, सहा दिवसांत न्हाई व्हणार. डोकं बदललं की तोंड, केस, कानातलं, पिसारा, सगळं परत बसवावं लागतं.

परमेश्वरनं नर्सिंग कॉलेजचा नंबर भिंतीवर लिहून ठिवलाय. त्यानं तिकडं बघितलं. मी त्याला बघताना बघितलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खरं लिहायचं तर खरं लिहिते, किल्ली माझ्याच कमरेला हाय.

ती "ते तसंच" म्हणली ते मी ऐकलं व्हतं. कागदाचं बी ऐकलं व्हतं. ऐकूनच तोडलं. का तोडलं? डोकं वाईट दिसलं म्हणून तोडलं, दुसरं काय. परमेश्वर भांड्यांचं बोलला ते काही मनात नव्हतं. नव्हतंच. हे दोनदा लिहायची गरज नव्हती, पण लिहिलेलं खोडून पान घाण करत न्हाई मी.

सकाळी सत्यशीलाच्या लेकराला न्हाऊ घालायला गेले. पाय लांब करून बसले, लेकरू नडग्यांवर घेतलं, तेल चोळलं, डाळीचं पीठ लावलं, पाणी घातलं. डोक्याशी आले आणि हात थांबला. बारा दिवसांची टाळू, खाली जीव धकधकायलेला. एवढुशा डोक्याला दोन फळ्या. कोण बांधत असंल? माझ्यासारखीच कुणी म्हातारी. तिला बी लोक बोलवायला येत असतील. तिच्या हातून एखादं डोकं गोल राहिलं तर लोक तिला नावं ठेवत असतील, की ही काय कामाची.

मग मी पन्नास वर्षं काय केलं? गोल तर गोल का?

"काकू, काय झालं? हात का थांबवला?" सत्यशीला घाबरली.

"काही न्हाई. पाणी निवायलंय का बघायले."

पन्नास वर्षं माझा हात कुणाला इचारून चालला न्हाई. आज प्रत्येक फेऱ्याला इचारायला लागला. लेकरू लवकर गुंडाळून दिलं आणि घरी आले. घरात बसवंना. बसस्टँडपर्यंत जाऊन आले. तिथं काही काम नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

राजी दोन दिवस मशीनीला शिवली न्हाई. मी तिच्या उशाशी गेले.

"ऊठ. ते दगडावरचे फोटो दाखव."

"कशाला आज्जी? झालं आता."

"झालं का न्हाई ते वीस तारखेला कळंल. दाखव."

बघितले. दगडात कोरलेली तिकडची माणसं, बाजूनं काढलेली. कपाळ आणि नाक एका रेघेत, मधी खाचच न्हाई. डोकं वर आणि मागं चढत गेलेलं. एका फोटोत मातीची बाई व्हती, ती समोरून बघितली. डावी बाजू उजवीसारखी. कुठं वाकडं न्हाई, कुठं दबकं न्हाई.

हे काम करणारी लय हुशार व्हती. मला सोपं जायचं, लेकराचं डोकं आपोआप गोल व्हायलाच बघतं, मी फक्त मदत करायचे. हिला डोक्याच्या मनाविरुद्ध न्यायचं व्हतं आणि तरी दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या व्हत्या. मला जमलं नसतं. हे मी राजीला सांगितलं न्हाई.

मग म्हणलं, "तुझं पहिलं, मी पुसायला लावलेलं डोकं हाय का अजून?"

व्हतं. तिनं ठेवलेलं. मला न सांगता.

बघितलं आणि म्हणलं, "हे बी चूकच हाय."

ती तडकली. पहिल्यांदा तडकली. "आता हे बी चूक? मग बरोबर काय हाय तुझ्या मनानं? सांगून टाक एकदाचं, म्हणजे मी पदवी घेते तुझ्याकडून!"

"ओरडू नको. उद्या सांगते. मला बघावं लागंल."

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कणीक भिजवली, जरा घट्ट. दोन पाट घेतले. राजीला समोर बसवलं. लेकराच्या डोक्याएवढा गोळा केला, बाजूंना कानाच्या जागी दोन हरभरे टोचले.

"बघ. तू काय केलं? गोल डोकं घेतलं आणि मागं शेपूट ओढलं. दुधी चिकटवल्यावानी. पण तिकडची बाई ओढत नव्हती, पुढून आणि मागून दाबत व्हती. दाबलं की काय व्हतं?"

दोन पाटांत गोळा धरून हळूहळू दाबला. कणीक वर चढली. आणि दोन्ही बाजूंना फुगली. हरभरे एकमेकांपासून लांब गेले.

राजी गुडघ्यावर येऊन बघायला लागली. "रुंद झालं."

"व्हय. दाबलेलं कुठंतरी जाणारच. समोरून तोंड रुंद दिसंल, कपाळ सपाट, कवटी वर चढंल. तू तोंड तसंच निमुळतं ठिवलं आणि फक्त मागं वाढवलं. म्हणून ते डोकं तिचं वाटत न्हाई, उसनं आणल्यावानी वाटतं."

"परत कर, आज्जी. हळू. थांब, मोबाईल घेते."

सात-आठदा केलं. समोरून, बाजूनं, वरून. मग ती मशीनीशी बसली ती उठलीच न्हाई. सविता भाकरीचे तुकडे करून तिच्या तोंडात घालायली.

सविता मला म्हणली, "आत्याबाई, या कणकेचं आता काय करू? पोळ्या करू का?"

"कर. राणीच्या डोक्याच्या पोळ्या परमेश्वरला वाढ. नर्सिंगचा नंबर लिहितो भिंतीवर."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भांडण झालं.

डोकं जमलंय. मान बी मी म्हणले तशी. पण आता राजी राणीचे डोळे जरा आत वळवायलीय, नाकाकडं. तिरळी! म्हणती, ते लोक लेकराच्या कपाळावर केसांना मणी बांधायचे, डोळ्यांपुढं लोंबता, म्हणजे लेकरू बघत राहील आणि डोळे आत वळतील. ते बी रूपच.

"डोक्यापर्यंत ठीक हाय," मी म्हणलं. "डोळे सरळ ठेव. तिरळ्या बाईला खेळायला कोण घेणार? हैदराबादची मॅडम बी सरळच डोळ्यांची हाय ना?"

"आज्जी, डोळे आतच राहतील."

"मी सांगायलेय."

"ऐकलं. तरी राहतील. मूर्तींत बघितलंय मी. थोडेच वळवायलेय, लक्ष दिलं तरच दिसंल इतके."

"आणि परत न्हाई म्हणले तर?"

"तर माझं मी बघीन."

राग आला. उठून बाहेर आले. बरं बी वाटलं का? न्हाई, रागच आला. ओसरीवर बसून दोऱ्यात एक मणी ओवला आणि कपाळापुढं धरून बघितला. थोड्या वेळानं डोळे दुखायला लागले. दिनकरराव गेटातून आत येत व्हते, तसेच मागं फिरले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गावात जयंतीची मिरवणूक. डीजेनं भिंती हलायल्या. राजीनं कानात बोळे घालून काम केलं, सांजंला नेट मिळंना म्हणून परमेश्वरच्या गाडीवर बसून गंगाखेडला गेली आणि तिथून धाडलं. परमेश्वर स्वतःहून म्हणला, चल, मी नेतो. त्यानंच तिला तिथं भजी चारली असं कळलं.

मला सगळ्यांनी इचारलं, जीव घाबरायलाय का. घाबरत न्हाई. फक्त एका जागी बसवत न्हाई.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन न्हाई.

सत्यशीलाच्या लेकराला न्हाऊ घातलं. हात बरा चाललाय. डोकं फार गोल करायच्या मागं लागले न्हाई. हाय ते चांगलं हाय त्याचं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पास.

मॅडमचा कॉल अकरा वाजता आला. या वेळी त्या पहिलं वाक्य डोळ्यांवरच बोलल्या: "आंखों का किसी को बताए नहीं थे, सिर्फ कागज में एक लाईन थी. तुम पढ़े." राणीचं डोकं त्यांनी त्यांच्या सरांना वरून-खालून फिरवून दाखवलं म्हणं.

राजीनं माझ्याकडं बघितलं. मी तूर बघायले व्हते.

मग मॅडम म्हणल्या, सहा महिने पाहिजे तर घरूनच काम करा, न्हाई तर तीन मार्चपासून हैदराबादला या, टीममधे बसा, इथं शिकवणारे हायत. दोन्ही चालंल. सांजंपर्यंत कळवा.

घरात दिवाळी. परमेश्वरनं ओल्या फडक्यानं भिंतीवरचा नंबर पुसला. म्हणला, "झालं तर मग! नोकरी बी आणि पोरगी बी घरात." सविता लगेच म्हणली, खोलीला पंखा नवा घेऊ. राजी मला म्हणली, "तू सांग आज्जी. राहू का जाऊ?"

मला सकाळपासून ठाऊक व्हतं ती मलाच इचारणार. तिथंच तर रोग हाय.

"जा," मी म्हणलं.

परमेश्वर म्हणला, "माय, काय बोलायलीस? घरून जमायलंय तर..."

"तू गप. राजी, इकडं बघ. इथं राहिलीस तर मी मानेमागं उभी राहणार. मला बसवणार न्हाई, माझा सोभाव हाय. मी म्हणणार गोल कर, आणि तू करणार. बरोबर असलेलं पुसणार."

"न्हाई करणार. डोळे केले का सरळ?"

"एकदा न्हाई केलेस. सहा महिने रोज मला न्हाई म्हणणं तुझ्यानं व्हणार न्हाई. तुझ्या आईला इचार. तिला चोवीस वर्षांत जमलं न्हाई."

सविता हसली न्हाई. माझ्याकडं बघत राहिली, आणि मग उठून सगळ्यांना चहा टाकला. माझ्यात साखर जास्त व्हती.

राजी रडली. मी म्हणलं, "नाक पूस. मॅडमला फोन लाव. रडक्या तोंडानं लावू नको."

२ मार्च, रविवार

राजीला गंगाखेडहून रेल्वेत बसवून परमेश्वर परत आला. बारा वाजता घरातून निघाली. दाराशी माझ्या पाया पडली तवा सवयीनं डोक्यावर हात ठिवला. मागल्या बाजूला उजवीकडं जरा सपाटी हाय. इतकी वर्षं ध्यानात आली न्हाई. राहिली माझ्या हातून.

दुपारनंतर भांडी घासली.

९ मार्च, रविवार

राजीनं फोनवर नवीन चित्र धाडलं. बाजाराला निघालेली बाई, लेकरू फडक्यानं पाठीशी बांधलेलं. खाली लिहिलंय, "आज्जी, कसंय?"

फडक्याची गाठ डाव्या खांद्यावर हाय आणि बाई तोलून मापून सरळ उभी. सरळ उभी राहिली तर लेकरू उजवीकडं घसरतं. कंबर एका अंगाला गेली पाहिजे, आणि उजवा हात, आपल्या नकळत, मागं लेकराच्या बुडाखाली.

हे सगळं फोनवर लिहिलं. अर्धा तास लागला. मग पुसलं.

लिहिलं, "तुझ्या मॅडमला दाखव." धाडलं.

मग खोलीत जाऊन दार लावलं, उशी फडक्यात घेऊन पाठीला बांधली आणि आरशापुढं चार पावलं चालून बघितलं. कंबर जाती. हात बी जातो मागं. मीच बरोबर हाय.

दार उघडून सविता आत आली. "आत्याबाई, काय करायलाव तुमी?"

"काही न्हाई," म्हणलं आणि गाठ सोडली.